मुंबईत नव्याने आलात आणि थोडा वेळ एकटं बसायचंय?

मुंबईत येऊन मला आता बारा वर्षं होतील. पहिली दोन वर्षं दादरला कॉट-बेसिसवर काढली. एका खोलीत चौघी, दोघींत एक कपाट आणि सकाळी बाथरूमसाठी नंबर. मुली चांगल्या होत्या, आजही आमची मैत्री आहे. पण सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत कोणी ना कोणी बोलत असायचं आणि मला उत्तर द्यावं लागायचं. ऑफिसात तेच. लोकलमध्ये तर श्वासही दुसऱ्याच्या खांद्यावर. सहा-सात महिन्यांनी मी आजारी असल्यासारखी दिसायला लागले. ताप नाही, खोकला नाही, नुसती दमलेली. एका दुपारी ऑफिसचं काम बाहेर होतं, ते लवकर संपलं आणि मी हॉर्निमन सर्कलच्या बागेत एका बाकावर तासभर बसून राहिले. कोणाशी एक शब्द बोलले नाही. खोलीवर परतले तेव्हा महिन्यांनी पहिल्यांदा भूक लागली होती.

अबोल माणसाला एकांत रोजच्या जेवणाइतकाच लागतो, असं माझं ठाम मत आहे. मुंबईत तो मिळतो, फक्त वेळ बघून घ्यावा लागतो. एकच बाग दुपारी बाराला रिकामी असते आणि संध्याकाळी सहाला तिथे बाकाच्या कडेवर टेकायला जागा नसते. म्हणून खाली ठिकाणांइतकंच वेळांबद्दलही लिहिलं आहे. नोकरीसाठी, शिक्षणासाठी नव्याने आलेल्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे.

आधी हे ठरवा: आवाज नकोय की बोलणं नकोय?

नव्या माणसाची पहिली चूक इथे होते. तो शांत जागा शोधायला निघतो, तिथेही हॉर्न ऐकू येतो, शेजारी कुठेतरी इमारतीचं काम चाललेलं असतं, आणि मग तो म्हणतो, या शहरात शांतता नाहीच. खरंच फार थोडी आहे. पण आपल्यासारख्यांना बहुतेक वेळा त्रास आवाजाचा नसतो. आपल्याकडे कोणीतरी बघतंय, आता काहीतरी विचारणार, याचा असतो. माझ्या गावी, कराडच्या पलीकडे, मी पारावर दहा मिनिटं एकटी बसले तर तीन जण विचारून जातात, "काय गं, एकटीच का बसलीस? बरं नाही का?" मायेनेच विचारतात, पण विचारतात. मुंबईत दोन तास एका जागी बसा, कोणी विचारत नाही. या शहराचं हे देणं मला फार मोलाचं वाटतं.

तेव्हा स्वतःलाच विचारून बघा. कोणी आपल्याशी बोललं नाही एवढ्याने भागतंय, तर समुद्रकाठ, बोट, दुपारची लोकल हे सगळं चालेल. कानालाही विसावा हवा असेल तर जागा कमी उरतात: ग्रंथालय, चर्च, चित्रांची दालनं, आणि कान्हेरीची लेणी.

पासच्या रस्त्यावरच एक जागा पकडा

लांबच्या जागेने सुरुवात करू नका. एकांतासाठी दोन गाड्या बदलाव्या लागल्या की तिसऱ्या आठवड्यात आपण जाणं सोडतो. तुमचा रेल्वेचा पास ज्या मार्गाचा आहे त्यावरचं स्टेशन बघा आणि तिथून पंधरा मिनिटं चालत काय आहे ते शोधा. चर्चगेट किंवा सीएसएमटीला उतरत असाल तर सगळा फोर्ट तुमचा आहे. दादर-माटुंग्याच्या लोकांना पूर्वेला पारशी कॉलनी आणि फाइव्ह गार्डन्सच्या गल्ल्या आहेत. तिथे मोठ्या झाडांखालून नुसतं चालत राहिलं तरी डोकं हलकं होतं. सायनकरांनी धारावी डेपोजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान बघावं. पूर्वी ते कचऱ्याचं डम्पिंग ग्राउंड होतं, आज 37 एकरांवर रान आहे, शेजारून मिठी नदी वाहते, आणि तिकीट काढून आत जावं लागत असल्यामुळे टवाळखोर फारसे नसतात. बोरिवलीकरांसाठी राष्ट्रीय उद्यान. बाकी साध्या महापालिकेच्या बागा सगळीकडे आहेत. उघडण्याची वेळ दारावरच्या पाटीवर वाचून घ्या.

जागा मनात भरली तरी लगेच पक्की करू नका. वेगवेगळ्या वारी, वेगवेगळ्या वेळी दोनदा जाऊन या.

आठवड्याचं गणित

हे कोणी सांगत नाही आणि नव्या माणसाची फेरी वाया जाते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद. काळा घोड्याजवळची राष्ट्रीय आधुनिक कला दीर्घा, जिला सगळे एनजीएमए म्हणतात, तीही सोमवारी बंद. भायखळ्याची राणीची बाग आणि तिच्या आवारातलं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. सुट्टी आठवड्यातल्या मधल्या दिवशी असेल तर तुम्ही भाग्यवान. मंगळवार आणि गुरुवार मला सगळ्यांत चांगले वाटतात. मंगळवारी फक्त प्रभादेवीकडे जाऊ नका, सिद्धिविनायकाची गर्दी असते. बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेना, म्हणजे खास प्रार्थना, असते, त्या दिवशी तो परिसर टाळा. गणपतीचे दिवस आणि 6 डिसेंबरच्या आसपास दादर सोडून दुसरी जागा हाताशी ठेवा. त्या वेळी लोक श्रद्धेने येतात, आपण तिथे शांतता मागणं बरोबर नाही.

दिवसातल्या वेळा म्हणाल तर बागांत सकाळी नऊपर्यंत चालणारे आणि हास्यक्लबवाले, संध्याकाळी पाचनंतर मुलं आणि आज्या. मधली दुपार आपली. समुद्राकाठी उलटं: तिथे दुपारी ऊन भाजून काढतं, म्हणून पहाटे जायचं.

फोर्टमधली एक दुपार

नव्या माणसाला मी पहिल्यांदा इथेच पाठवते. सगळं चालत होतं, पैसे जवळजवळ लागत नाहीत, आणि एका जागी गर्दी निघाली तर दुसरी पाच मिनिटांवर असते.

हॉर्निमन सर्कलच्या बागेपासून सुरुवात करा. गोल बाग, भोवती गोलाकार कमानींच्या इमारती, मध्ये जुनी मोठी झाडं. ऑफिसवाल्यांची जेवणाची सुट्टी संपली की बाकं मोकळी होतात, म्हणजे अडीचनंतर. तिथून पलीकडेच सेंट थॉमस कॅथेड्रल आहे, 1718 साली उघडलेलं. चर्चगेट हे नाव आपण दिवसातून दहादा घेतो, ते याच चर्चवरून पडलं. जुन्या किल्ल्याचा इकडचा दरवाजा तो चर्चगेट. मला हे कळलं तेव्हा फार आवडलं होतं, की एवढ्या धावपळीच्या स्टेशनला नाव मिळालं ते शहरातल्या इतक्या निवांत जागेवरून.

आत जाताना संकोच करू नका. मी हिंदू घरातली, पहिल्यांदा दारातच अडखळले होते. आत एक वयस्कर राखणदार पितळी दांडी पुसत होते. त्यांनी मान वर करून बघितलं, हाताने बाकड्यांकडे खूण केली आणि पुन्हा पुसायला लागले. मी मागून तिसऱ्या ओळीत बसले. भिंतींवर संगमरवरी स्मारकं आहेत, कोणी वीस-बावीस वर्षांचा शिपाई, कोणी बोटीवर वारलेली बाई. ती नावं वाचत गेले. उंच छतामुळे बाहेरच्या गाडीचा आवाज आला तरी तो दमून आल्यासारखा येतो. पुसणाऱ्या फडक्याचा आवाज मात्र स्पष्ट ऐकू येत होता. पाऊण तास झाला असेल. निघताना मी हात जोडले, त्यांनी मान हलवली. आजही महिन्यातून एकदा तरी जाते. पाळायचे नियम साधे: प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबायचं, फोन बंद ठेवायचा, खायचं काही काढायचं नाही, फोटो विचारल्याशिवाय नाही.

बागेच्या दुसऱ्या बाजूला टाउन हॉल, 1833 सालचा. त्याच्या त्या प्रसिद्ध पायऱ्यांवर संध्याकाळी मुलामुलींचे घोळके बसलेले असतात. सकाळी मात्र त्याच पायऱ्यांवर दोन-चार माणसं, तीही पेपर वाचणारी. पुढे चालत काळा घोड्याला आलात की जहांगीर आर्ट गॅलरी आहे. सकाळी अकरा ते संध्याकाळी सात, प्रवेश फुकट. एनजीएमएला तिकीट आहे, पण कानाला विसावा हवा असेल तर तीच गाठा. एका मजल्यावरून दुसऱ्यावर जिन्याने चढत जायचं आणि सगळ्यांत वर घुमटाखालच्या दालनात पोहोचायचं. आठवड्याच्या मधल्या दुपारी तिथे मी आणि सुरक्षारक्षक एवढेच होतो असं कितीदा तरी झालंय. चित्र समजलं पाहिजे अशी सक्ती नाही. एका चित्रासमोर वीस मिनिटं बसा.

ग्रंथालयाचं सभासदत्व घ्याच

महिन्याला एखाद्या हॉटेलातल्या जेवणाइतका खर्च करायची तयारी असेल तर तो इथे करा. ग्रंथालय ही शहरातली एकमेव जागा आहे जिथे न बोलणं हा नियम आहे आणि तो तुमच्या वतीने दुसरं कोणीतरी पाळायला लावतं. काळा घोड्याची डेव्हिड ससून लायब्ररी सुंदर आहे. 1870 सालची दगडी इमारत, मागे झाडांची बाग, रस्त्यावर वाहनांचा लोट आणि त्या बागेत पाखरं. तिथे सभासद व्हावं लागतं.

आपल्या मराठी माणसांनी मात्र मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय विसरू नये. 1898 साली स्थापन झालं. दादर पूर्वेला, नायगावच्या बाजूला त्याची मुख्य इमारत आणि संदर्भ विभाग आहे, शिवाय शहरात शाखा आहेत. मी दादरला राहत होते तेव्हा रविवारी सकाळी तिथे जाऊन बसायचे. जुन्या दिवाळी अंकांचे बांधीव खंड मागवायचे. ते उघडल्यावर जो वास येतो, जुना कागद, डिंक आणि थोडी दमट भिंत, तो वास माझ्यासाठी अजूनही सुट्टीचा वास आहे. समोरच्या टेबलावर स्पर्धा परीक्षेची मुलं मान खाली घालून बसलेली. कोणी कोणाकडे बघत नाही, पण आपण एकटे आहोत असंही वाटत नाही. खोलीत कोंडून बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

सभासद होताना ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि दोन फोटो लागतात असं धरून चला. भाड्याच्या खोलीचा पुरावा नसेल तर ऑफिसचं पत्र चालतं का, हे आधी जाऊन विचारा. दुपारची सुट्टी असते का तेही.

कान्हेरी

मला या लेखात एकच जागा सांगायची मुभा असती तर ही सांगितली असती.

बोरिवली पूर्वेला उतरून चालत राष्ट्रीय उद्यानाच्या दारापर्यंत जायचं. तिथलं तिकीट वेगळं, लेण्यांचं वेगळं, हे लक्षात ठेवा. लेणी आत सहा-सात किलोमीटरवर आहेत. बस मिळते, सायकलही भाड्याने मिळते. सकाळी लवकर पोहोचा. शनिवार-रविवारी आणि पावसाळ्यातल्या कुठल्याही सुट्टीला जाऊच नका, धबधब्यांसाठी सगळी मुंबई तिथे लोटते.

डोंगरात शंभरावर लेणी आहेत. इसवी सनाच्या थोडं आधीपासून दहाव्या शतकापर्यंत तिथे बौद्ध भिक्खू राहत. सगळे लोक तीन नंबरचा मोठा चैत्य आणि त्याच्या ओसरीतले उंच उभे बुद्ध बघतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. तुम्ही थांबू नका. दगडात कोरलेल्या पायऱ्यांनी वर चढत जा. जसजसं वर जाल तसतशी माणसं कमी होतात आणि लेणी लहान होत जातात. एक ओसरी, आत एक खोली, खोलीत दगडाचाच ओटा आणि दाराजवळ जमिनीत खोदलेलं पाण्याचं टाकं. एका माणसाने एकट्याने राहावं म्हणून कोणीतरी हा काळा कातळ हाताने पोखरला आहे. आपल्याला एकटं राहावंसं वाटतं म्हणजे काहीतरी बिघडलंय, असं मला लहानपणापासून वाटत आलं होतं. त्या ओट्यावर बसले तेव्हा ते वाटणं कमी झालं.

सप्टेंबर संपत आला होता. टाक्यात वरून थेंब पडत होता, एक पडला की बराच वेळ काही नाही, मग दुसरा. मी मोजायला लागले आणि चाळीसच्या पुढे कधीतरी मोजणं सुटलं. दगड इतका गार होता की ओढणी घडी करून खाली घ्यावी लागली. बाहेर आले तर खाली झाडांच्या वरून बोरिवलीच्या उंच इमारती दिसत होत्या.

काळजीच्या गोष्टी अशा. माकडं पिशवी हिसकावतात, म्हणून खाणं बाहेर काढू नका, प्लास्टिकची पिशवी हातात तर मुळीच नको. अगदी वरच्या, कडेच्या लेण्यांत एकट्याने जाऊ नका. दुसरी माणसं हाकेच्या अंतरावर राहतील एवढंच पुढे जा. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ असतं, चपलेऐवजी बूट घाला. परतीची शेवटची बस कधी आहे ते उतरताच चालकाला विचारा. मी एकदा विचारलं नाही आणि अंधार पडत असताना तो सगळा रस्ता घाईघाईने चालले. त्या रानात बिबटे आहेत, हे तेव्हा पावलोपावली आठवत होतं.

पाण्याकाठी आणि पाण्यावर

मरीन ड्राइव्ह पहाटे साडेपाच-सहाला. संध्याकाळचा मरीन ड्राइव्ह दुसऱ्या लोकांचा आहे. भरतीच्या वेळी पावसाळ्यात कठड्यावर बसू नका, खालच्या सिमेंटच्या दगडांवर तर कधीच उतरू नका.

वाळकेश्वरचं बाणगंगा तळं हे दुसरं. समुद्र काही पावलांवर, तरी पाणी गोडं. चारही बाजूंनी पायऱ्या, भोवती देवळं, बदकं. लोक तिथे राहतात, पूजा करतात, कपडे वाळत घालतात, तेव्हा कोणाच्या तरी अंगणात आलोय अशा रीतीने बसायचं. पितृपक्षात श्राद्धविधी असतात, तेव्हा जाऊ नका.

आणि आता माझी आवडती फेरी. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला लाँच जाते, मोरा म्हणजे उरणचं बंदर. साधारण तासाभराचा प्रवास. लाकडी बाकं, इंजिनाची सतत धडधड, आणि त्या धडधडीमुळे कोणी बोलतच नाही! सगळे उरणचे रोजचे लोक असतात, ते झोपतात किंवा पाण्याकडे बघतात. परत लाँचने येऊ नका. मोऱ्याहून रिक्षाने उरण स्टेशनला जा. जानेवारी 2024 पासून उरणपर्यंत लोकल जाते, तिथून गाडी नेरूळ किंवा बेलापूरला येते. दुपारच्या गाडीत आख्ख्या डब्यात पाच-सहा बायका, बाहेर खाडी, तिवरं, रिकामे लांबलचक प्लॅटफॉर्म. गाड्या कमी आहेत, म्हणून वेळापत्रक आधी बघा. ओहोटीला मोऱ्याला लाँच लागत नाही, त्या दिवसाच्या वेळा धक्क्यावरच विचारा.

एवढा वेळ नसेल तर दुपारी बारा ते चार दरम्यानची हार्बरची गाडी आहे. सीएसएमटीहून पनवेलपर्यंत खिडकीत बसून जा, वाशीची खाडी ओलांडताना खिडकीतून वारा येतो. दोन्हीकडचं तिकीट मात्र काढा.

बसायचं कसं

हसू येईल, पण हे शिकावं लागतं. मोकळ्या हाताने बसलेल्या माणसाशी लोक बोलायला येतात. हातात पुस्तक असेल तर निम्मे येत नाहीत. कानात हेडफोन असेल तर उरलेलेही नाहीत, गाणं लावलेलं नसलं तरी चालतं. बाईने गाणं न लावणंच बरं, मागून कोण येतंय ते ऐकू आलं पाहिजे. कोणी चिवटपणे बोलू लागलं तर "मला थोडं वाचायचंय" एवढं वाक्य पुरतं. कारण देत बसू नका. कारण दिलं की त्यावर बोलणं सुरू होतं.

मुलींनो, तुमच्यासाठी थोडं वेगळं. एका बागेत रक्षकाने मला उठवलं होतं, "मॅडम, एकट्या बाईने इथे बसायचं नाही." नियम कुठला, विचारलं तर सांगता आलं नाही. मला फार लागलं ते, पुढे चार महिने मी कुठल्याच बागेत गेले नाही. आज कोणी असं म्हटलं तर मी शांतपणे नियमाची पाटी दाखवायला सांगेन. बाग आपलीही आहे. तरीही सवय होईपर्यंत तिकीट असलेल्या जागा निवडा, दाराकडे तोंड करून बसा, कुठे आहात ते एका माणसाला कळवून ठेवा, अंधाराआधी निघा. 112 आणि रेल्वे पोलिसांचा 1512 फोनमध्ये असू द्या.

खोलीतल्यांना काय सांगायचं

हे टाळू नका. न सांगता दर मंगळवारी दोन तास गायब झालात तर खोलीतल्या मैत्रिणींना वाटतं, आपलं काही चुकलं. मला सांगायला दीड वर्ष लागलं. एका रात्री जेवताना म्हटलं, "मंगळवारी मी उशिरा येत जाईन. मला थोडं एकटं बसावं लागतं, तुमच्यावर राग नाही." वाटलं होतं हसतील. एकीने विचारलं, "डबा ठेवायचा का तुझा?" बाकी काही नाही. त्या मंगळवारपासून खोली सोडेपर्यंत माझा डबा ताटाने झाकून ओट्यावर ठेवलेला असायचा.